आभाळ आलं की पोटात गोळा येतो

पत्र :

"मावशी, मी निफाड तालुक्यातली. माहेरी साडेतीन एकर द्राक्षबाग. लग्न होऊन पुण्यात आले त्याला आता नऊ वर्षं झाली. नवरा इथलाच, आणि त्याला डोंगर, जंगल, पाऊस यांचं वेड आहे. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगते.

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी आम्ही त्याच्या ग्रुपबरोबर भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. २०२५ चा पाऊस लवकर आला होता, तुम्हाला आठवत असेल. संध्याकाळी आभाळ गच्च भरलं, गडगडायला लागलं आणि सगळे आनंदाने ओरडायला लागले. मी रेंज शोधत लांब गेले आणि आप्पांना फोन लावला. खरड छाटणी, म्हणजे द्राक्षाची एप्रिलमधली छाटणी, होऊन दीड महिना झाला होता. काडीत घड तयार व्हायचे दिवस. परत आले तर नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, 'हिचं निसर्गाशी नातंच नाही. शेतकऱ्याची मुलगी, पण हिला पाऊस आवडत नाही.' सगळे हसले. मीही हसले. रात्री तंबूत डोळा लागला नाही. पुढे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर खरंच घड कमी निघाले, बऱ्याच काड्या तशाच. ते मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा नाही.

मावशी, मार्च २०१४ मध्ये आमच्या बागेचा सौदा झाला होता. व्यापारी दोन दिवसांनी तोडायला येणार होता. दुपारी गारा आल्या. पत्र्यावर इतका आवाज होता की आई माझ्या कानाशी ओरडत होती तरी मला ऐकू येत नव्हतं. थांबल्यावर आप्पा बागेत गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. एम.एस्सी. करायचं होतं, ते राहिलं. कोणी 'करू नकोस' म्हणालं नाही, पण मीच विषय काढला नाही.

आता माझी लेक सहा वर्षांची आहे. परवा वळवाची सर आली तशी ती गच्चीवर पळाली. मी तिला दंडाला धरून ओढत खाली आणलं. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली. ती रडत म्हणाली, 'आई, पाऊस वाईट असतो का?' मला काही बोलता आलं नाही.

लहानपणी आजोबा मला सायकलवर पुढे बसवून नांदूरमध्यमेश्वरच्या धरणावर पक्षी दाखवायला न्यायचे. तेव्हा मला सगळं आवडत असावं. आता नीट आठवत नाही.

माझ्यात काही मोडलंय का? आणि यंदा पुन्हा काजव्यांना जायचं ठरतंय. जाऊ का?

– निफाडची लेक, पुणे"

उत्तर :

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही तुला अगं-तुगं करते.

त्या रात्रीपासून सुरू करू. भंडारदऱ्याच्या त्या झाडाखाली तुम्ही दहा-बाराजण असाल. सगळ्यांनी ढग पाहिला, पण तो ढग पुढे काय करणार आहे हे एकटीला तुलाच कळत होतं. खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे कोंब, असतो, आणि त्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड आत्ताच धरत असतो. त्यासाठी ऊन लागतं. त्या दिवसांत आभाळ सलग झाकलेलं राहिलं, तर ज्याचा घड व्हायचा त्याची बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा, होते. काडीवरच्या त्या डोळ्यात वरून बघून काही कळत नाही, पान हिरवंगार असतं, बाग तरारलेली असते. नुकसान झालं की नाही ते कळायला ऑक्टोबर उजाडावा लागतो. हे तुला माहीत होतं, म्हणून तू रेंज शोधत गेलीस. मे महिन्यातला ढग आणि ऑक्टोबरातली काडी यांच्यातला धागा ज्या बाईला अंधारात दिसतो, तिचं निसर्गाशी नातं नाही, हे मी कबूल करणार नाही. तुझ्या नवऱ्यानेही ते मागे घ्यायला हवं. त्यावर पुढे येते.

माझं माहेर श्रीवर्धनकडचं, समुद्राला लागून. आमच्याकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. तिथली रोठा सुपारी तू ऐकली असशील. माझ्या माहेरी 'निसर्ग' हा शब्द कानावर पडला की कोणाच्या डोळ्यांपुढे हिरवळ येत नाही, ३ जून २०२० येतो. त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळाचं नाव 'निसर्ग' होतं. दुपारच्या चार-पाच तासांत माझ्या भावाच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी मधोमध मोडून पडल्या, आणि उरलेल्यांतल्या कितीतरी पुढच्या वर्षात वाळल्या. पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. भावाचं वय तेव्हा अठ्ठावन्न. हिशेब तूच कर. आजही रात्री वारं सुटलं की तो उठतो आणि कंदील, म्हणजे आता बॅटरी, घेऊन वाडीत एक फेरी मारतो. अंधारात करता येण्यासारखं काहीच नसतं, तरी मारतो. आणि हाच माझा भाऊ मी माहेरी गेले की सकाळी सहाला दार वाजवून सांगतो, "ताई, ऊठ, विहिरीवर दयाळ गातोय." रात्री वाऱ्याला घाबरणारा आणि पहाटे दयाळासाठी दार वाजवणारा माणूस एकच आहे.

शहरात आल्यावर आपण निसर्गावरच्या प्रेमाचा अर्थ फार अरुंद करून टाकला, असं मला वाटतं. धबधबा बघून आनंद झाला म्हणजे प्रेम, आणि घाबरलं की नातं तुटलं! आपल्या जुन्या माणसांना हे पटलं नसतं. ज्याच्यावर पोट आहे त्याची धास्ती असायचीच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं आणि त्या धास्तीला त्यांनी घरात जागा दिली होती. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, काही चिरायचं-कापायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. सापाचं भय आहे, म्हणूनच वर्षातला एक दिवस त्याच्यासाठी राखला. कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो, तेव्हा त्या हातात कृतज्ञता असते आणि 'माझ्या माणसाला परत आण' ही विनवणीही असते. तुम्ही काजवे बघायला ज्या भागात गेलात ना, तिथल्या डोंगरवाड्यांवर दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. गुराखी वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे नैवेद्य ठेवतात आणि गुरं सांभाळ म्हणून सांगतात. वाघ आवडतो का, असं त्यांना कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर त्यांना प्रश्न कळणार नाही.

म्हणून तुझ्या 'माझ्यात काही मोडलंय का' या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. तू ज्या घरात वाढलीस, तिथे आभाळाकडे बघणं हे काम होतं. फेब्रुवारीत तयार मालावर पाऊस पडला तर मणी तडकतात. फुलोऱ्यात पडला तर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि आठ दिवसांत घड करपतो. डिसेंबरात थंडी फार उतरली तरी पंचाईत. तुमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो; लोक तो वाचून स्वेटर काढतात आणि तुझे आप्पा पहाटे चारला उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. अशा घरातल्या मुलीला 'वातावरण' या शब्दाचा अर्थच निराळा कळतो.

पण पोरी, तुझ्या पत्रातली एक गोष्ट मी अशी सोडून देणार नाही. लेकीच्या दंडावर उमटलेली बोटं. ती सर पुण्यात पडत होती. त्या गच्चीवर ना घड होता, ना डोळा, ना व्यापारी येणार होता. तुझ्या हाताने जे केलं, ते बागेच्या काळजीने केलेलं नव्हतं. मार्च २०१४ मधल्या त्या दुपारने तुझ्याकडून ते करवून घेतलं. त्या दिवशी तू एकवीस-बावीस वर्षांची होतीस. बाग गेली, त्यासोबत तुझी एम.एस्सी. गेली, आणि तिच्यासाठी तू रडलीही नाहीस, कारण घरात आप्पांचं दुःख मोठं होतं. आपलं दुःख आपणच लहान ठरवून बाजूला ठेवलं की ते तिथेच बसून राहतं, आणि मग अशा एखाद्या सरीत बाहेर येतं. आभाळ आलं की छातीत धडधड, हातपाय गार पडणं, रात्र-रात्र जागरण, हे वरचेवर होत असेल तर समुपदेशकाकडे जा. त्यात संकोच नको. एकदम जाणं जड वाटलं तर 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. हे मी सगळ्यात आधी करायला सांगेन.

आता आप्पा. तू त्यांना फोन कधी करतेस, ते एकदा आठवून बघ. मला वाटतं, बहुतेक फोन आभाळ आल्यावरचे असतील. 'तिकडे आलंय का? किती पडला? औषध मारलं का?' मग आप्पा म्हणत असतील, 'काही नाही, शिंतडा आला फक्त.' ते तुला सांभाळतात, तू त्यांना सांभाळतेस, आणि दोघांचं बोलणं त्या ढगापलीकडे जात नाही. एकदा स्वच्छ उन्हाच्या दिवशी फोन कर. त्यांना विचार, पहिली बाग कोणत्या वर्षी लावली, रोपं कुठून आणली, पहिला घड कोणी खाल्ला. चाळीस वर्षं माणूस निव्वळ धास्तीवर बाग करत नाही. त्यांना त्या बागेत काय आवडतं, हे तू त्यांना आजवर विचारलंच नसशील. मी माझ्या भावाला वादळानंतर विचारलं, तोपर्यंत मलाही सुचलं नव्हतं.

शिवाय काळजीला काहीतरी काम दे. तू शिकलेली आहेस, पुण्यात बसून त्यांचं एक ओझं खरोखर उचलू शकतेस. द्राक्षाला हवामान आधारित फळपीक विमा आहे. गारपिटीचं संरक्षण त्यात वेगळं घ्यावं लागतं, आणि गारांनी नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. ज्याची बाग नुकतीच झोडपली गेली आहे, तो माणूस त्या ७२ तासांत फॉर्म आणि फोटो यांच्यामागे धावण्याच्या स्थितीत नसतो. २०१४ मध्ये आप्पा अंधार पडेपर्यंत बागेतच होते, हे तूच लिहिलंस. ते काम तू घे. सातबारा, बँकेचं पासबुक, आधार, बागेची नोंद, सगळं एका फाइलमध्ये तुझ्याकडे ठेव. यंदाची मुदत कधी संपते ते सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) आत्ताच विचारून लिहून ठेव. अर्ज भरलास म्हणून गारा थांबणार नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. पण आभाळ आल्यावर फोन हातात घेऊन बसण्यापेक्षा हे बरं, आणि त्यातून आप्पांच्या खांद्याला खरोखर आधार मिळेल.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर तू अजून देऊ शकतेस. सहा वर्षांचं मूल प्रश्न विसरत नाही, उत्तर न मिळाल्याचं तर नाहीच नाही. तिला आधी सांग की त्या दिवशी हात जोरात धरला, ती माझी चूक होती. मग सांग की तुझ्या आजोबांची द्राक्षं असतात, ती तयार झाल्यावर गारा पडल्या तर फुटतात. एकदा खूप पडल्या होत्या, तेव्हा आई खूप घाबरली होती, म्हणून आईला अजून भीती वाटते. एवढं पुरे. 'पाऊस वाईट नसतो' असं घाईघाईने म्हणू नकोस, कारण तुला ते तसं वाटत नाही आणि मुलांना ते लगेच कळतं. वाईट असतो असंही नको. पावसाला आपण लावलेलं माहीत नसतं, आपल्याला त्याचं माहीत करून घ्यावं लागतं, असं माझी आई म्हणायची. मला ते लहानपणी पुरलं होतं.

आणि कधी इकडे गारा पडल्याच, तर तिच्याबरोबर एक मोठीशी गार उचल आणि सुरीने मधोमध काप. आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक धूसर, एक काचेसारखा. ढगाच्या पोटात जोराचा वारा थेंबाला वर नेतो, तिथे तो गोठतो, खाली यायला लागला की त्याच्यावर पाण्याचा आणखी थर बसतो, तोही गोठतो. ढगाला पेलवेनाशी झाली की गार पडते. लासलगावच्या शेजारच्या मुलीला कांद्याची उपमा समजावून सांगायला नको. ज्या वस्तूने तुझं एवढं नेलं, ती तू एकदा हातात धरून आतून बघावीस, असं मला फार वाटतं. तुझ्या लेकीसमोर बघितलंस तर जास्त बरं.

तिला आजोळी ने, पण फक्त द्राक्षं खायच्या दिवसांत नको. ऑक्टोबरात छाटणी होते तेव्हा ने. सगळी बाग उघडी, नुसत्या काड्या आणि तारा. मग आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, कापसासारखे पोंगे फुटतात. त्यानंतर महिन्याभराने फुलोरा येतो. द्राक्षाचं फूल इतकं बारीक असतं की ते फूल आहे, हे परक्या माणसाला दाखवून द्यावं लागतं, पण पहाटे बागेत शिरलं की एक मंद गोड वास असतो. मी तो एकदाच घेतलाय, पिंपळगावला एका मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा, आणि अजून नाकात आहे. तू त्या वासात अठरा-वीस वर्षं काढलीस. लेकीला तुझ्याकडून नुसतं 'आभाळ आलं' एवढंच मिळू नये. हा वासही तुझ्याच घरचा आहे.

आता तुझा नवरा. तो चांगला आहे असं तू पहिल्याच परिच्छेदात लिहिलंस, आणि मला ते खरं वाटतं. पावसाने त्याचं आजवर कधी काही नेलं नाही, म्हणून त्याला पावसावर निर्धास्त प्रेम करता येतं. हा त्याचा गुन्हा नाही. पण ज्याचं नेलं तिला त्याने चारचौघांत हिणवलं, आणि तू हसण्यावारी नेलंस. त्याला एकदा शांतपणे सांग, "त्या रात्री तू जे बोललास ते मला लागलं. मी फोन का करत होते ते सांगते, ऐकून घे." मग डोळ्याची, काडीची, बाळीची गोष्ट सांग, आणि ऑक्टोबरात घड कमी निघाले तेही सांग. ते त्याच्यापासून लपवलंस, हे मात्र तुझं चुकलं. ज्याला काही कळूच दिलं नाही, त्याने समजून घ्यावं असं म्हणता येत नाही. ऐकल्यावर त्याने त्याच ग्रुपसमोर आपलं वाक्य दुरुस्त करावं, असंही त्याला स्पष्ट सांग. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागे घ्यावं.

आणि त्याला येत्या डिसेंबरात निफाडला ने. जावई म्हणून ओट्यावर बसवायचं नाही. विरळणीला आलेल्या बायकांच्या ओळीत कात्री देऊन उभा कर. घडातला कोणता मणी ठेवायचा, कोणता काढायचा, हे मान वर करून दिवसभर बघितलं की माणसाला बाग कळते, आणि मान तर आठवडाभर आठवण करून देते. थंडीची लाट असली तर पहाटे चारला आप्पांबरोबर शेकोट्यांना पाठव. डोंगरावर पहाटे उठायची सवय त्याला आहेच. जो माणूस सूर्योदयासाठी अंधारात गड चढतो, त्याला त्या धुरात उभं राहून पारा वर यायची वाट बघणंही जमेल. मला वाटतं, तो त्यानंतर ढगाकडे पाहील तेव्हा आधी तुझ्याकडे पाहील.

सगळ्यात शेवटी मला तुझ्या पत्रातलं ते वाक्य धरायचं आहे, जे तू जाता जाता लिहिलंस. आजोबा, सायकल आणि नांदूरमध्यमेश्वर. मी पत्र तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा तिथे थांबले. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला तो इंग्रजी अमदानीतला बंधारा. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांचं राज्य झालं. २०२० च्या सुरुवातीला ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तुझ्या आजोबांना असला शिक्का लागला नाही, त्यांना आधीच माहीत होतं.

तुझं निसर्गाशी जे नातं आहे ते खरं आहे, पण ते सगळं बागेतून, कर्जातून, सौद्यातून जातं. त्या धरणावरचं नातं तसं नव्हतं. चक्रवाक उतरला काय आणि न उतरला काय, घरात त्याने काही फरक पडत नव्हता. आजोबाही शेतकरीच होते. त्यांनीही दुष्काळ बघितले असतील, पिकं गेलेली बघितली असतील. तरी ते नातीला सायकलवर घालून काहीही पिकत नसलेल्या जागी न्यायचे. ते स्वतःसाठीही जात असावेत, असं मला राहून राहून वाटतं. ज्या आभाळाचा दिवसभर हिशेब ठेवायचा, त्यातून काहीतरी नुसतंच उतरताना बघायला.

थंडीत जा तिथे. जानेवारी चांगला. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, पहाटे धुकं असतं, हळूहळू पाणी दिसायला लागतं. पट्टकादंब आले असतील तर बघ, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखी हंस. तो हिमालय ओलांडून येतो. नावं विसरली असलीस तर काही बिघडत नाही, एखादं नाव आजोबांच्या आवाजात अचानक आठवेल. आप्पांनाही बरोबर ने. त्यांच्याच वडिलांची जागा आहे ती, आणि ते तिथे किती वर्षांत गेले नसतील कोण जाणे.

आणि काजव्यांचं विचारलंस. जा.

पण यंदा जरा वेगळ्या रीतीने. निघायच्या आदल्या दिवशी आप्पांना फोन करून बागेचं सगळं विचारून घे. उद्या रात्री फोन लागणार नाही, असं सांगून ठेव. भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावाला पोचलात की सगळ्यांनी मोबाइल बंद करायचे, नवऱ्याच्या ग्रुपनेसुद्धा. त्याचं कारण तूच त्यांना सांग: झाडावर लुकलुकणारे ते नर असतात, माद्यांना खूण करत असतात, आणि आपल्या टॉर्चच्या, गाड्यांच्या उजेडात ती खूण हरवते. त्या लुकलुकीसाठी त्यांच्याकडे मोजकेच दिवस असतात, पावसाचा जोर वाढला की संपलं. हंगाम हुकणं म्हणजे काय, हे त्या ग्रुपमध्ये तुझ्याइतकं कोणाला कळणार आहे?

लेकीला मांडीवर घेऊन बस. गडगडलं तर तिचा हात धर, हलका. भीती वाटली तर तिला सांग, 'आईला थोडी भीती वाटतेय.' ती काय म्हणते ते ऐक.

सकाळी रेंज आली की आजोबांना पहिला फोन तिला लावू दे. झाड कसं पेटल्यासारखं दिसत होतं, ते तिने त्यांना सांगायचं, जितका वेळ सांगेल तितका. बागेचं नंतर विचार.